‘पॉट्स फ्रॅक्चर’मागचे पॉट

मृग लागला की मालवण किनाऱ्यावर निसरडे दिवस सुरू होतात. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, पाणंदीतला कातळ बुळबुळीत होतो आणि परड्यातल्या विहिरीकडे जाताना कुणाचा तरी पाय सटकतोच. पाडेली ओल्या माडावरून घसरतो. महामार्गावर दुचाकी आडवी होते. होडी किनाऱ्याला ओढताना लाट येते आणि पाय फळीखाली सापडतो. अशा वेळी पुष्कळदा मार बसतो तो घोट्याला. मुरगळला असेल, असे म्हणून त्यावर लेप लागतो, कुणी जाणता माणूस पाय ओढून ‘बसवून’ देतो. तीन-चार दिवसांनी सूज उतरत नाही, कातडीवर पाण्याचे फोड येतात, आणि मग ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची किंवा थेट बांबोळीची वाट धरली जाते.

तिथे एक्स-रे पाहताना डॉक्टरांच्या तोंडी कधी कधी ‘पॉट्स फ्रॅक्चर’ हा शब्द येतो. शेजारच्या खाटेवर मणक्याचा क्षय झालेला रुग्ण असला तर त्याच्या केसपेपरवर ‘पॉट्स स्पाइन’ लिहिलेले असते. दोन्ही ठिकाणचे पॉट एकच. पर्सिव्हल पॉट हे अठराव्या शतकातले लंडनचे सर्जन. त्यांचा स्वतःचा घोटा मोडला म्हणून त्या मोडीला त्यांचे नाव पडले, अशी एक गोष्ट डॉक्टरांमध्येही सांगितली जाते. ती खरी नाही. त्यांचा पाय मोडला हे खरे, पण ती मोड वेगळी होती. खरी हकीकत त्या गोष्टीपेक्षा जास्त कामाची आहे.

पॉट यांचा जन्म ६ जानेवारी १७१४ चा, लंडनच्या थ्रेडनीडल स्ट्रीटवरचा. त्या जागी आज बँक ऑफ इंग्लंडची इमारत उभी आहे. मुलगा लहान असतानाच वडील गेले आणि घराची ओढाताण सुरू झाली. एका नातलग बिशपांनी शिक्षणाला हात दिला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, अशी घरची अपेक्षा होती; पण त्याचे मन शस्त्रक्रियेकडे ओढले. १७२९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातले सर्जन एडवर्ड नर्स यांच्याकडे तो उमेदवारीला लागला. उमेदवारी सात वर्षांची आणि तीही गुरूला फी देऊन. नर्स शरीररचनेवर व्याख्याने देत. त्यांच्यासाठी मृतदेहाचे विच्छेदन करून स्नायू, शिरा आणि सांधे मोकळे करून ठेवण्याचे काम या पोराकडे असे. पुढे हाडे आणि स्नायू यांच्या नात्याबद्दल पॉट इतक्या खात्रीने लिहू शकले, त्याचे मूळ या सात वर्षांच्या हातकामात आहे.

तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. सर्जन आणि न्हावी यांचा लंडनमध्ये एकच संघ होता. तो फुटून सर्जनांची वेगळी कंपनी झाली ती १७४५ मध्ये. भूल देण्याचे औषध नव्हते, ते यायला अजून शंभर वर्षे होती. जखमेत जंतू शिरतात ही कल्पनाच नव्हती. हाड मोडून कातडीबाहेर आले की बहुतेक सर्जन पाय कापून टाकत. तो क्रूरपणा नव्हता. न कापलेला पाय सडत जाऊन माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत तापाने दगावलेला त्यांनी वारंवार पाहिला होता. कापलेल्या पायाचा माणूस निदान काही वेळा तरी जगत असे.

पॉट या व्यवसायात पायरी पायरीने वर गेले. १७३६ मध्ये त्यांनी संघाची मोठी पदविका मिळवली, पुढे ते बार्थोलोम्यू रुग्णालयात सहायक सर्जन झाले आणि १७४९ मध्ये पूर्ण सर्जन. जखमेवर जाळणारी औषधे ओतणे, तापलेल्या लोखंडाने डागणे ही त्या काळची नेहमीची रीत होती. ती रुग्णालयातून हळूहळू कमी करत नेण्याचे बरेचसे श्रेय त्यांना दिले जाते. आधुनिक शस्त्रक्रियेचे एक जनक मानले जाणारे जॉन हंटर हेही काही काळ त्यांच्या हाताखाली शिकले.

१७५६ च्या जानेवारीत पॉट घोड्यावरून लंडनच्या दक्षिण भागातून, केंट स्ट्रीटवरून चालले होते. वय ४२. घोड्याने पाडले आणि पायाचे हाड मोडून कातडी फाडून बाहेर आले. गर्दी जमली. रस्त्यात पडलेल्या माणसाबाबत जे कुठेही होते तेच तिथे झाले असते. चार हातांनी उचलले असते, एखाद्या गाडीत कोंबले असते आणि खडबडीत रस्त्यावरून हादरत नेले असते. त्या प्रत्येक हादऱ्याला हाडाचे टोक मांस आणि रक्तवाहिन्या फाडत गेले असते.

पॉट यांनी कुणाला हात लावू दिला नाही. थंडीच्या ऐन दिवसांत ते फरसबंद रस्त्यावर तसेच पडून राहिले आणि पालखीसारखी खुर्ची वाहणाऱ्या दोन भोयांना त्यांचे दांडे घेऊन बोलावणे पाठवले. ते येईपर्यंत त्यांनी तिथल्या तिथे एक दार विकत घेतले. दांडे त्या दाराला खिळ्यांनी ठोकून घेतले आणि मग स्वतःला त्यावर अलगद ठेवायला लावले. ती सपाट फळी लंडन ब्रिजवरून टेम्स ओलांडून सेंट पॉल चर्चजवळच्या वॉटलिंग स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरी पोहोचली. अंतर थोडेथोडके नव्हते. ही हकीकत त्यांचे जावई सर्जन जेम्स अर्ल यांनी सासऱ्यांच्या मृत्यूनंतर लिहून ठेवली. जावयाच्या लिखाणात थोडा अभिमान असणारच. तरी दार आणि दांड्यांचा तपशील इतका व्यवहारी आहे, की तो रचलेला वाटत नाही.

घरी सहकारी सर्जन जमले. त्यांनी पाय पाहिला आणि ताबडतोब कापायचा, असे ठरवले. पॉट यांनी ते मान्य केले. स्वतःच्या बाबतीत स्वतः न्यायनिवाडा करू नये असे त्यांचे मत होते, आणि दुसऱ्या कुणाचा असा पाय समोर असता तर त्यांनीही बहुधा हाच निर्णय दिला असता. हत्यारे काढून मांडली गेली. एवढ्यात, यायला उशीर झालेले एडवर्ड नर्स दारात आले. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे पॉट उमेदवारीला लागले होते, ते हे गुरू. त्यांनी पाय नीट तपासला आणि तो वाचण्याची शक्यता आहे, असे सांगितले. हाड आत बसवण्यात आले. सगळे थांबले. जखम भरून आली आणि पाय वाचला.

का वाचला, याचा विचार पॉट यांनी नंतर केला. हाड मोडले होते एका जागी आणि कातडी फाटली होती तिथून थोड्या अंतरावर. त्यामुळे हाड आत गेल्यावर मधल्या मांसाची झडप बसल्यासारखी झाली आणि मोडीपर्यंत बाहेरची हवा पोहोचली नाही. हवा हे कारण त्यांनी चुकीचे धरले होते. हवेबरोबर आणि हातांबरोबर येणारे जंतू हे खरे कारण. पण बंद मोडीचे हाड सुखाने जुळते आणि उघड्या मोडीचे सडते, हे निरीक्षण अचूक होते. त्याचे उत्तर १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी शोधले. गाडीखाली पाय सापडून उघडी मोड झालेल्या एका मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली आणि जखम न सडता भरली. पॉट यांच्या अपघातापासून लिस्टर यांच्या पट्टीपर्यंत १०९ वर्षे गेली. त्या काळात किती पाय कापले गेले असतील, याचा हिशेब कुणाकडे नाही.

इकडे त्याच वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, इंग्रजांच्या आरमाराने तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला. अ‍ॅडमिरल वॉटसन यांच्या ‘केंट’ जहाजावर एडवर्ड आइव्ह्ज नावाचे सर्जन होते. आरमारी सर्जनांची परीक्षा लंडनचा सर्जनांचा संघ घेत असे, म्हणजे पॉट ज्या संघाचे होते तोच. देवगडच्या किनाऱ्यासमोर तोफा चालत होत्या, तेव्हा लंडनमध्ये हे सर्जन पाय उशीवर ठेवून पडलेले होते. या सक्तीच्या विश्रांतीत ते लिहू लागले. आजवर त्यांनी फारसे लिहिलेले नव्हते. आधी हर्नियावरचा ग्रंथ झाला, मग डोक्याच्या जखमांवरचा, आणि १७६० च्या दशकाच्या अखेरीस हाडमोडी आणि निखळलेले सांधे यांवरचे छोटेसे पुस्तक आले. घोट्याची मोड आली ती या पुस्तकात.

ती समजून घ्यायला स्वतःच्या पायाकडे पाहावे. घोट्याच्या दोन बाजूंना दोन उंचवटे लागतात. आतला उंचवटा नडगीच्या जाड हाडाचे, म्हणजे टिबियाचे टोक असते. बाहेरचा उंचवटा नडगीशेजारून उतरणाऱ्या बारीक हाडाचे, फिब्युलाचे टोक असते. या दोन टोकांच्या मध्ये सुताराने पाडावी तशी खोबण तयार होते आणि त्या खोबणीत पावलाचे सर्वांत वरचे हाड, टॅलस, घट्ट बसते. सगळी व्यवस्था पक्क्या पट्ट्यांनी, अस्थिबंधांनी, बांधलेली असते. फिब्युला शरीराच्या वजनाचा थोडाच भाग पेलते. त्यामुळे ती मोडली तर फार बिघडत नाही, असा समज जुना आहे आणि आजही टिकून आहे.

पॉट यांनी त्यालाच हरकत घेतली. त्यांनी दाखवून दिले, की पाऊल जोराने बाहेरच्या बाजूला पिळले गेले की फिब्युला खालच्या टोकापासून दोन-तीन इंच वर मोडते आणि त्याच वेळी आतल्या बाजूची अस्थिबंधाची पट्टी फाटते. मोडलेले हाड एकच आणि तेही बारीक, पण खोबणीची एक भिंत कोसळलेली असते. टॅलस जागा सोडून बाहेर सरकते आणि पाऊल वाकडे होते. अशा वेळी फक्त बारीक हाडाकडे पाहून भागत नाही. पाऊल नडगीखाली नेमके परत आणावे लागते. ते आणले नाही तर हाड जुळते, पण माणूस लंगडत राहतो. मोड हाडाची असली तरी दुखापत सांध्याची आहे, ही त्यांची मुख्य गोष्ट. वर्णन अपुरे होते. दोन हाडांना घोट्याच्या जरा वर एकत्र बांधणारी जी पट्टी असते, तिच्या फाटण्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. पण एक्स-रे यायला सव्वाशे वर्षे बाकी असताना केवळ हात, डोळे आणि विच्छेदनाच्या अनुभवावर त्यांनी एवढे ओळखले होते.

पाऊल जागेवर आणायचे कसे, याचेही उत्तर त्यांनी दिले. तोवरची रीत अशी, की पाय सरळ ठेवायचा, एकाने मांडी धरायची, दुसऱ्याने पाऊल ओढायचे आणि जोर लावायचा. रुग्ण ओरडतो, स्नायू आणखी आवळतात, मग आणखी जोर. पॉट यांचे म्हणणे होते, की विरोध हाड करत नाही, स्नायू करतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि टाचेला जाऊन मिळतो. म्हणून गुडघा वाकवा, पाय कुशीवर ठेवा. पोटरी सैल पडते आणि जे दोन माणसांच्या ताकदीने होत नव्हते ते थोड्या जोराने होते. मोडलेला पाय याच वाकलेल्या स्थितीत ठेवून द्यावा, हा त्यांचा आग्रह मात्र पुढे टिकला नाही. पण घोटा निखळून आलेल्या रुग्णाचा गुडघा आजही अपघात विभागातले डॉक्टर आधी वाकवतात, मगच पाऊल फिरवतात. गावात पाय ओढून बसवू पाहणाऱ्या माणसाची ताकद कुठे वाया जाते आणि कुठे इजा करते, तेही यावरून कळते.

पॉट यांच्यानंतर हा धागा अनेकांनी पुढे नेला. फ्रान्समध्ये गियोम ड्युपुइत्रँ यांनी मृतदेहांचे घोटे पिळून कोणत्या जोराने काय मोडते ते तपासले. त्यांचा प्रबंध १८१९ चा. १८९५ मध्ये रंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि हाड कातडीआडून दिसू लागले. डेन्मार्कचे लाउगे-हान्सन यांनी १९५० मध्ये मोडींची वर्गवारी केली, ती पाऊल कोणत्या दिशेने पिळले गेले यावरून. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जनांनी एकत्र येऊन पट्ट्या आणि स्क्रूंनी हाडे नेमकी जोडण्याची पद्धत बसवली. ती आज जगभर चालते. आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात मृतदेहांच्या घोट्यांवर मोजमाप करून दिसले, की टॅलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्यातल्या हाडांचा एकमेकांशी असलेला स्पर्श सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो. सगळे वजन उरलेल्या लहानशा भागावर येते आणि तिथले कूर्चेचे अस्तर झिजू लागते. पॉट यांनी हाताने जे जाणले होते, त्याला आकडा मिळाला.

पॉट यांनी वर्णन केलेली मोड ही आजच्या हिशेबाने मधल्या प्रतीची. याहून गुंतागुंतीच्या मोडी दोन प्रकारच्या. एकीत आतला घोटा, बाहेरचा घोटा आणि टिबियाचा मागचा कोपरा अशा तिन्ही भिंती मोडतात. दुसरी उंचावरून पडल्यावर होते. माडावरून किंवा चिरेखाणीत पडलेल्या माणसाचे सगळे वजन टाचेवर येते, टॅलस वर घुसते आणि टिबियाच्या छताचे तुकडे करते. डॉक्टर तिला ‘पिलॉन’ मोड म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ खलबत्त्यातला बत्ता. नाव अगदी चपखल आहे.

अशा रुग्णाच्या नातेवाइकांची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. माणूस दाखल होऊन आठ दिवस झाले, अजून ऑपरेशन नाही. यात बहुतेक वेळा दिरंगाई नसते. घोट्याभोवती मांस जवळपास नाही, हाडावर थेट कातडीच आहे. सुजलेल्या, फोड आलेल्या कातडीवर चीर दिली तर जखम मिटत नाही, जंतू शिरतात आणि पॉट यांच्या काळातली भीती आजच्या रुग्णालयात उभी राहते. म्हणून पहिल्याच दिवशी निखळलेले पाऊल जागेवर आणले जाते, गरज पडली तर कातडीबाहेरून सळ्यांचा सांगाडा, एक्स्टर्नल फिक्सेटर, लावून पाय स्थिर केला जातो, सीटी स्कॅनवर तुकडे मोजले जातात आणि कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागेपर्यंत थांबले जाते. त्याला आठवडा लागतो, कधी दोन. मग प्लेट आणि स्क्रू. हाड कातडीबाहेर आले असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, तासाभरात मिळावे लागते आणि जखम धुण्याची शस्त्रक्रिया थांबवून ठेवता येत नाही. त्यानंतरही किती आठवडे पाय टेकायचा नाही हे मोड पाहून ठरते. सहा आठवडे हे नेहमीचे, मधुमेह असला तर जास्त. विडी आणि तंबाखू हाड जुळण्याच्या आड येतात. डॉक्टर हे सांगतात, आणि रुग्ण मान हलवतात.

आचऱ्याहून किंवा देवगडहून बांबोळीपर्यंतचा रस्ता दोन-अडीच तासांहून कमी नाही. त्यामुळे इथल्या रुग्णाचे पुष्कळ काही रुग्णालयाच्या दारात पोहोचण्याआधीच ठरते. पॉट यांनी रस्त्यावर पडून जे केले त्यातले जवळपास सगळे आजही लागू पडते. पाय आहे त्या स्थितीत दोन्ही बाजूंनी आधार देऊन बांधायचा; फळी नसेल तर दुमडलेली गोधडी किंवा उशी चालते. माणसाला आडवा ठेवून न्यायचा. १०८ ची रुग्णवाहिका येणार असेल तर रिक्षात दुमडून बसवण्यापेक्षा थोडे थांबलेले बरे. उघड्या जखमेवर स्वच्छ कापड पुरे. हळद, चुना, पाला, काही नको. ऑपरेशनची शक्यता असल्याने खायला देऊ नये. अपवाद एकच. पावलाची बोटे गार, पांढरी किंवा बधिर पडली तर रक्तपुरवठा अडला आहे असे समजायचे. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते आणि जवळचे, घोटा जागेवर आणू शकणारे डॉक्टर आधी गाठावे लागतात. आणि मुरगळला की मोडला हा नेहमीचा प्रश्न पडला तर दोन गोष्टी पाहायच्या. पडल्यानंतर चार पावले टाकता येतात का, आणि घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबले तर कळ येते का. चालता येत नसेल किंवा कळ येत असेल, तर लेप बाजूला ठेवून एक्स-रे काढायचा.

स्वतःचा पाय वाचल्यावर पॉट पाय कापण्याच्या विरोधात गेले असतील, असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही. प्रशियातल्या एका सर्जनने पाय कापण्याची रीत जवळजवळ बंदच करावी असे मांडले, तेव्हा पॉट यांनी १७७९ मध्ये त्याच्या विरोधात लिहिले. काही मोडींत पाय तत्काळ कापणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आपला पाय वाचला तो जखमेच्या जागेमुळे, हे ते विसरले नव्हते. स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगाचा नियम न करणे हे डॉक्टरांनाही सोपे जात नाही.

त्यांची बाकीची कामेही मोठी आहेत. १७७५ मध्ये त्यांनी लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या कामगारांविषयी लिहिले. ही मुले अगदी कोवळ्या वयात अरुंद धुराड्यांत चढवली जात. मोठेपणी त्यांच्यात अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग वारंवार दिसे आणि लोक तो गुप्तरोग समजत. पॉट यांनी त्याचा संबंध काजळीशी जोडला. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. त्या मुलांच्या हालांबद्दल त्यांनी जे लिहिले त्यात सर्जनचा कोरडेपणा नाही. १७७९ मध्ये त्यांनी पाठीला कुबड येऊन पायांतली ताकद जाण्याच्या आजाराचे वर्णन केले. तीच आजची ‘पॉट्स स्पाइन’. दोष मज्जारज्जूत नसून मणक्यात आहे, हे त्यांनी बरोबर ओळखले. मणक्याच्या दोन्ही बाजूंना जखमा करून त्या वाहत्या ठेवायच्या, हा त्यांचा उपचार मात्र आज कुणी करणार नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ मध्ये.

मान त्यांना जिवंतपणीच मिळाला. १७६४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, पुढच्या वर्षी सर्जनांच्या कंपनीचे प्रमुख. चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांनी काढलेले त्यांचे चित्र बार्थोलोम्यू रुग्णालयाकडे आहे. १७८७ मध्ये त्यांनी त्या रुग्णालयातून निवृत्ती घेतली. उमेदवारीची वर्षे धरली तर तिथे त्यांचे अर्ध्या शतकाहून अधिक आयुष्य गेले होते. पण खासगी रुग्ण सोडले नाहीत. १७८८ च्या डिसेंबरात, पंच्याहत्तरीला थोडेच दिवस उरले असताना, कडाक्याच्या थंडीत ते लंडनपासून सुमारे २० मैलांवरच्या एका रुग्णाला पाहायला गेले. परतल्यावर ताप भरला. ताप चढला असतानाही ते आणखी रुग्ण तपासून आले. २२ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

धुराडी साफ करणाऱ्या मुलांसाठीचा पहिला कायदा ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी केला. आठ वर्षांखालच्या मुलाला या कामावर ठेवू नये, एवढेच त्यात होते, आणि तेही फारसे पाळले गेले नाही. पॉट यांचे दफन सेंट मेरी ऑल्डरमरी चर्चमध्ये झाले. हे चर्च वॉटलिंग स्ट्रीटवर आहे. बत्तीस वर्षांपूर्वी दारावर निजवून भोयांनी त्यांना याच रस्त्याने घरी आणले होते.